पाठराखीण, रांग एकेचाळीस

विमानात बसायला मिळालं म्हणून आमच्या गल्लीत माझा हेवा केला गेला, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणेल, बाई, फुकटात अमेरिका पाहिलीस आणि वर चिडतेस? हो, चिडते. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, ज्यांच्यावर चिडायचं त्यातलं एक माणूस गेलंसुद्धा, तरी चिडते. राग जुना झाला की निवतो असं लोक म्हणतात. माझा काही निवला नाही. मी तो नीट झाकून ठेवला होता इतकंच, आणि आज झाकण काढते आहे.

आम्ही मल्लेश्वरमचे. आमचे पूर्वज कधीतरी शहाजीराजांच्या मागोमाग या मुलखात आले आणि इथलेच झाले, असं अप्पा सांगायचे. घरात मराठी, पण तिला कानडीचा चांगलाच मुलामा. आम्ही आमटीला हुळी म्हणायचो, थोडं हवं असलं की स्वल्प म्हणायचो, ठीक आहे म्हणायला सरी, थोरल्या बहिणीला अक्का. पुण्याचे पाहुणे आले की आमचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसायचे आणि आई त्यांना जास्तीचं तूप वाढायची. सकाळी घरात पहिला आवाज कॉफीच्या फिल्टरवर अप्पा चमच्याने टकटक करायचे त्याचा. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, हळू उतरतं, टकटक केल्याने एक थेंबही लवकर पडत नाही, पण अप्पांचा तसा विश्वास होता. ते सरकारी छापखान्यात होते. घरी आले तरी बोटांना शाईचा वास यायचा आणि प्रत्येक गोष्टीत त्यांचा शब्द शेवटचा असायचा. मुद्रणदोष राहू द्यायचा नाही, हे त्यांचं लाडकं वाक्य. मला ते पुट्टी म्हणायचे, म्हणजे कानडीत छोटी. माझं नाव नलिनी आहे हे त्यांना बहुधा फक्त फॉर्म भरताना आठवत असावं.

ज्या उन्हाळ्याबद्दल लिहिते आहे त्या उन्हाळ्यात मी पीयूसी, म्हणजे बारावी, झाले होते आणि इंजिनिअरिंगची प्रवेशपरीक्षा देऊन बसले होते. निकाल लागला. माझा नंबर असा आला की इलेक्ट्रॉनिक्सची सीट मिळणारच. आमच्या अख्ख्या कुळात तोपर्यंत मुलींमध्ये सगळ्यांत जास्त शिकलेली म्हणजे अक्का, आणि तिचंही बी.ए. शेवटच्या वर्षाला लग्नापायी सुटलेलं. त्यामुळे माझं पत्र आलं तेव्हा मी ते उशीखाली घेऊन झोपले. पत्रात लिहिलं होतं की उमेदवाराने आपल्या नंबरच्या दिवशी स्वतः, मूळ सर्टिफिकिटं आणि पालकांसह हजर राहून सीट निवडायची. न आल्यास नंबर रद्द. माझा दिवस ऑगस्टमधला होता. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, न आल्यास रद्द. मी ते एक दिवसही विसरले नव्हते.

अक्का लग्न करून बेंगळुरातच होती. भावोजी मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअरच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर, रोज महादेवपुऱ्याच्या बाजूला गाडीने जायचे आणि येताना ट्रॅफिकला शिव्या देत यायचे. दोन मुलं. चिनू साडेचार वर्षांचा, रेवा दीड वर्षाची. जूनच्या अखेरीला भावोजी पेढे घेऊन आले. कंपनी त्यांना दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवत होती, डेट्रॉइटजवळच्या कुठल्याशा गावात, सहकुटुंब. पेढा माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले, "नलू, तूपण चल. थ्री वीक्स. आम्हाला सेटल कर आणि परत ये. व्हिसाचं मी बघतो."

मी लगेच म्हटलं, "माझा सीटचा दिवस आहे ऑगस्टमध्ये."

"अगं, त्याच्या आधीच तू परत. रिटर्न तिकीट काढणारे मी. डोंट वरी."

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, "जा गं पुट्टी. सर्टिफिकिटं मी माझ्या कपाटात ठेवतो. मी आहे ना."

आणि मग आईने तो शब्द उच्चारला ज्याने मी विरघळले. "अक्काची पाठराखीण म्हणून जा. पोर परमुलखात निघालीय, माहेरचं कुणी नको का सोबत?"

पाठराखीण म्हणजे काय ते हल्लीच्या मुलींना सांगावं लागतं. लग्न झालेली मुलगी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर माहेरची एक बाई किंवा मुलगी जायची. नव्या घरात नवरीला एकटं वाटू नये म्हणून ती तिच्या शेजारी बसायची, शेजारी जेवायची, शेजारी झोपायची, आणि चारआठ दिवसांनी साडीचोळी घेऊन परत यायची. अक्काच्या लग्नात पुण्याला मीच पाठराखीण होते, अकरा वर्षांची. तिच्या सासूबाईंनी माझा पाट अक्काच्या पाटाला लावून मांडला होता आणि मला आधी वाढलं होतं. तेव्हा अक्काने टेबलाखाली, म्हणजे पाटाच्या आडून, माझा हात घट्ट धरून ठेवला होता. त्या आठ दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की मी कुणीतरी आहे. तेव्हा पाठराखीण म्हटल्यावर मी काय नाही म्हणणार? आईने हा शब्द सरळ मनाने वापरला. इतरांनी तो वापरून घेतला.

पंधरा दिवस घरात डबे भरणं चाललं होतं. हुळीची पूड, चटणीची पूड, मेतकूट, तळलेल्या सांडग्या मिरच्या, अवलक्कीचा म्हणजे पोह्यांचा चिवडा. सगळं दुहेरी पिशवीत आणि वरून दोरा. आई भाजत होती, मी कुटत होते, शेजारच्या मामी येऊन नुसत्या वासावरून मीठ कमी आहे म्हणून सांगत होत्या. अक्का रोज दुपारी मुलांना घेऊन यायची आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहायची. ती गप्प होती हे मला दिसत होतं. मला वाटलं, माहेर सोडायचं म्हणून. मी तिला सांगायची, अक्का, मी आहे ना सोबत, आणि ती माझ्या केसांवरून हात फिरवून दुसरीकडे बघायची. ते दुसरीकडे बघणं मला आता कळतं, आणि कळलं की पुन्हा डोकं तापतं.

मुंबईच्या विमानतळावर भावोजींनी बोर्डिंग कार्ड वाटली. दोन जाडसर, दोन पातळ. रेवाला कार्ड नव्हतंच, तिला मांडीवर घ्यायचं होतं. जाडसर त्यांनी स्वतःच्या खिशात घातली, पातळ माझ्या हातात दिली आणि वर रेवालाही दिलं. म्हणाले, "कंपनीची पॉलिसी आहे. माझं आणि स्पाउसचं बिझनेस क्लास. मुलांचं इकॉनॉमी. मुलांबरोबर एक मोठं माणूस लागतंच, सो तू आहेस." इतक्या सहज म्हणाले, जसं काही बाजारातून येताना पिशवी कुणी धरायची ते ठरवत होते. मी अक्काकडे पाहिलं. ती म्हणाली, "मधूनमधून येईन गं मी मागे." एकदाच आली, तेही पायांत विमानाने दिलेले मऊ मोजे घालून, आणि रेवाच्या गालाला हात लावून गेली.

मुलांना घेऊन विमानात बसणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही केलं त्यांना सांगून कळणार नाही. रांग एकेचाळीस, संडासाच्या अलीकडची. रेवा मांडीवर, चिनू शेजारी, तिसऱ्या जागेवर एक लठ्ठ गृहस्थ जे डोळे मिटून जागे होते. विमान वर चढताना रेवाचे कान दुखले आणि ती अशी ओरडली की पुढच्या चार रांगांतली डोकी वळली. चिनूला दर अर्ध्या तासाने शू लागायची, म्हणजे रेवाला काखोटीला मारून, चिनूचा हात धरून, रांगेत उभं राहायचं आणि त्या डबीएवढ्या जागेत तिघांनी शिरायचं. जेवणाचा ट्रे आला तेव्हा रेवा माझ्या मांडीवर झोपली होती. ट्रे ठेवायला जागा नव्हती. हवाईसुंदरीने विचारलं, नंतर देऊ का? मी मान हलवली आणि ती नंतर विसरली. मी पिशवीतला चिवडा एका हाताने खाल्ला. चिनूने सफरचंदाचा रस माझ्या नव्या सलवारवर सांडला. तेव्हा मला राग आला नव्हता. लहान मुलं आहेत, सांडणारच, आणि मी पाठराखीण होते. फक्त जिची पाठ राखायची ती तीस रांगा पुढे पडद्याआड होती आणि मी तिच्या पोरांची नाकं पुसत होते. हे कुठेतरी चुकतंय असं वाटत होतं, पण कुठे ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं.

फ्रँकफर्टला विमान बदलायचं होतं. तीन तास काचेच्या त्या भल्या मोठ्या दालनात काढले. दुसऱ्या विमानाची वेळ झाली तशी पुकारा झाला, पुढच्या वर्गाच्या प्रवाशांनी आधी चढावं. भावोजी उठले. तोपर्यंत सगळ्यांचे पासपोर्ट आणि तिकिटं त्यांच्या चामड्याच्या पाकिटात होती. आता ते आधी जाणार आणि आम्ही मागून, म्हणून त्यांनी माझे आणि मुलांचे पासपोर्ट आणि तिकिटं काढून माझ्या हातात दिली. "हरवू नकोस हं," म्हणाले आणि अक्काला घेऊन निघून गेले. तेवढीच एक चूक त्यांनी केली, आणि ती पुढच्या वर्गात आधी चढायच्या घाईने केली.

त्या काळी तिकीट म्हणजे लांबट पुस्तिका असायची. आत पातळ पानं, प्रत्येक विमानाला एक, मागे कार्बनची लाली. चढताना त्यातलं एक पान फाडून घ्यायचे. आमची रांग उभी राहीपर्यंत पाऊण तास होता. चिनू जमिनीवर गाडी चालवत होता, रेवा माझ्या खांद्यावर पेंगत होती. मी सहज माझी पुस्तिका उघडली, परतीचा दिवस डोळ्यांनी बघावा म्हणून. पहिलं पान, आताच्या विमानाचं. पुढचं पान, डेट्रॉइट ते फ्रँकफर्ट. तारखेच्या चौकोनात जानेवारी होता.

मी पान जवळ घेतलं, लांब धरलं. पुढचं पान उघडलं, फ्रँकफर्ट ते मुंबई. तिथेही जानेवारी. मुद्रणदोष नव्हता. आम्ही जुलैत निघालो होतो. माझा दिवस ऑगस्टात होता. न आल्यास रद्द.

राग एकदम येत नाही हे मला तेव्हा कळलं. आधी लाज वाटते. आपण किती मूर्ख, असं वाटतं. तिकीट बघू का, असं आपण एकदाही विचारलं नाही, कारण घरच्या माणसांना असं विचारायचं नसतं. मी त्या रांगेत दोन पोरं घेऊन उभी राहिले, पान फाडून घेऊ दिलं, विमानात शिरले. आता या उड्डाणात दिवसच दिवस होता, सूर्याच्या मागे मागे जाणारा, न संपणारा. पुढच्या वर्गातून चालत जावं लागलं. अक्का एका आरामखुर्चीएवढ्या जागेवर बसली होती, मांडीवर पांढरा रुमाल, हातात काचेचा पेला. तिने मला पाहून हसायचा प्रयत्न केला. माझ्या मागे लोक खोळंबले होते, म्हणून मी चालत राहिले. याही विमानात आमची रांग एकेचाळीसच होती, आणि ती येईपर्यंत लाज संपून राग आला होता.

पट्ट्यांचा दिवा विझला तशी मी उठले. रेवा काखेत, चिनूचा हात हातात, तिकीट दातांत. हो, दातांत, कारण तिसरा हात नव्हता. मी पडदा बाजूला केला. हवाईसुंदरी आडवी आली. मी तिला माझ्या पीयूसीच्या इंग्रजीत सांगितलं, "दीज चिल्ड्रन बिलाँग हिअर." ती गोंधळली, आणि तेवढ्यात मी आत होते.

भावोजी डोळ्यांवर काळी पट्टी लावून आडवे झाले होते. मी तिकीट अक्कासमोर धरलं. "अक्का, हे काय आहे?"

अक्काने तिकिटाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. तिथेच मला कळलं की तिला माहीत होतं.

"पुट्टी, स्वल्प हळू बोल."

"जानेवारी?"

"घरी गेल्यावर बोलू. सरी?"

"कुणाच्या घरी?"

भावोजींनी पट्टी वर केली. "नलू, धिस इज नॉट द प्लेस. लोक बघतायत."

"बघू देत."

"अगं, एक वर्ष ड्रॉप घेतलास तर आकाश कोसळणारे का? इथे सहा महिने राहशील, इंग्लिश सुधारेल, एक्स्पोजर मिळेल. पुढच्या वर्षी परत परीक्षा दे. हुशार आहेस तू."

हुशार आहेस तू. माझं वर्ष काढून घेताना त्यांनी मला शाबासकी दिली. आज कुणीही मला हुशार म्हटलं की मी आधी पर्स सांभाळते. मी म्हटलं, "भावोजी, तुमच्या कंपनीने तुम्हाला न विचारता एक वर्ष घरी बसवलं तर चालेल?"

"ते वेगळं आहे."

"कसं?"

त्यांनी पट्टी पुन्हा डोळ्यांवर ओढायला हात नेला. तेव्हा मी ते बोलले जे खुर्चीपर्यंत येता येता माझं मलाच सुचलं होतं. "उतरल्यावर तिथला अधिकारी मला विचारेल, किती दिवसांसाठी आलीस आणि कशाला. तुम्ही मला पढवलंय, तीन आठवडे, फिरायला. मी खरं सांगणार. सहा महिने, मुलं सांभाळायला."

भावोजी ताठ बसले. बिनपगारी, फिरायच्या व्हिसावर मुलं सांभाळायला आणलेली मेहुणी, हे त्या काउंटरवर कसं ऐकू येईल ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त चांगलं कळत होतं. मी रेवाला अक्काच्या मांडीवर ठेवलं, त्या पांढऱ्या रुमालावर. चिनूला भावोजींच्या पायांशी उभं केलं. "याला शू लागलीय," असं सांगितलं आणि मागे वळले.

माझ्या जागेवर येऊन बसले तेव्हा मांडी इतकी हलकी वाटली की क्षणभर काहीतरी विसरलं असं वाटलं. ट्रे आला. भात, पालकाचं काहीतरी, गोड पाव. सगळं गारढोण आणि अळणी. मी शेवटच्या कणापर्यंत खाल्लं, लोण्याची वडीसुद्धा चाटून. पुढून, पडद्यापलीकडून, रेवाचं रडणं येत होतं. माझा जीव तुटत होता, खोटं कशाला बोलू. मी उठले नाही.

अर्ध्या तासाने पडदा हलला. अक्का आली, एकटीच, दोन्ही मुलांना घेऊन. केस विस्कटलेले, पदरावर दूध सांडलेलं. लठ्ठ गृहस्थ या वेळी नव्हते, तिसरी जागा रिकामी होती. ती तिथे बसली. मग आम्ही चौघं त्या तीन जागांत. चिनू माझ्या खांद्यावर झोपला तेव्हा अक्का हळूच म्हणाली, "त्यांनी नाही गं. मीच मागितलं."

"काय?"

"तुला ठेवून घ्यायचं. मला तिथे दुकानात जाऊन दूधपण मागता येणार नाही, पुट्टी. ते दिवसभर ऑफिसला. बर्फ पडतो म्हणे. मी आणि ही दोन पोरं, दार बंद. मला भीती वाटते."

"मग मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला मी आजही उत्तर शोधते आहे. तिची भीती खरी होती. तिला इंग्रजी बोलता येत नव्हतं, आणि ते येऊ नये अशी व्यवस्था आमच्याच घराने तिचं बी.ए. सोडवून केली होती. पण तिची भीती भरून काढायला माझं वर्ष घ्यायचं, तेही मला झोपेत ठेवून, हे कुठल्या न्यायात बसतं? ती म्हणाली, "मी नाही का सोडलं कॉलेज?" आणि मला इतका संताप आला की मी खिडकीकडे तोंड फिरवलं. आपलं सुटलं म्हणून दुसरीचंही सुटावं, असं तिच्या मनात नसेलच. पण तिच्या तोंडून निघालं ते तेच.

मग मी विचारलं, खरं तर नुसतं धमकी म्हणून विचारलं, "मी अप्पांना फोन करणार. अप्पांना कळलं ना, तर भावोजींना उभे सोलतील."

अक्का रेवाच्या झबल्याचं बटण लावत बसली. लावलेलं बटण काढून पुन्हा लावलं.

"अक्का?"

"अप्पांनीच म्हटलं, आधी सांगू नका. रडेल. तिकडे गेली की रमेल म्हणाले. एक वर्षाने काय होतं, मुलीच्या जातीला घाई काय." ती भराभरा बोलली, एकदाचं संपवावं तसं. "आईला माहीत नाही. आईला काही म्हणू नकोस."

मी आहे ना, म्हणाले होते अप्पा. माझी सर्टिफिकिटं स्वतःच्या कपाटात ठेवून, किल्ली जानव्याला बांधून. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून सीटची काळजी करू नकोस म्हणाले होते. तोपर्यंत मी समजत होते की जे काही वाईट आहे ते त्या पडद्यापलीकडे आहे, काचेच्या पेल्यांच्या आणि मऊ मोज्यांच्या बाजूला. ते तर आमच्या स्वयंपाकघरात बसून ठरलं होतं, कॉफी पिता पिता. मी रडले नाही. अप्पा म्हणाले होते रडेल, म्हणून रडले नाही. अक्काने माझा हात धरला आणि मी तो सोडवून घेतला.

डेट्रॉइटला उतरल्यावर भावोजी विमानातून बाहेर नेणाऱ्या पुलाच्या तोंडाशी आमची वाट बघत थांबले होते. त्यांनी पासपोर्टसाठी हात पुढे केला. मी दिले नाहीत. मुलांचे दिले, माझा आणि माझं तिकीट छातीशी धरून ठेवलं. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने मला विचारलं, किती दिवस? मी सांगितलं, तीन आठवडे, कारण आता मी तेवढेच राहणार होते. त्याने तिकीट मागितलं, पानं उलटली, भुवई वर केली. हे तर जानेवारीचं आहे, म्हणाला. भावोजी घाईने पुढे झाले आणि म्हणाले की तारीख चुकून पडलीय, आम्ही बदलून घेणार आहोत. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "टुडे." त्याने शिक्का मारला. सामान घेतल्याबरोबर, मुलं भुकेने किरकिरत असताना, मी विमान कंपनीच्या काउंटरसमोर जाऊन उभी राहिले आणि भावोजींना तारीख बदलून घ्यावी लागली. त्यांनी पुढचे तीन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मला ते सोयीचंच होतं.

त्या तीन आठवड्यांत मी अक्काला जितकं शिकवता येईल तितकं शिकवलं. दूध कसं मागायचं, फोनवर पत्ता कसा सांगायचा, दार ठोठावलं तर आतून काय विचारायचं. वहीत कानडी अक्षरांत इंग्रजी वाक्यं लिहून दिली, तिला कानडी लिपी सोपी जायची म्हणून. ती पाठ करायची. आम्ही मांडीला मांडी लावून बसायचो आणि तरी पूर्वीसारखं काही राहिलं नव्हतं. निघताना ती म्हणाली, "रागावलीस?" मी म्हटलं, "हो." त्यानंतर तिने ते पुन्हा कधी विचारलं नाही आणि मी आपण होऊन कधी नाही म्हटलं नाही.

बेंगळुरूला सकाळी उतरले. कुणालाही कळवलं नव्हतं. ऑटोवाल्याने मीटरवर जास्तीचे मागितले तेव्हा त्याच्याशी कानडीत कडाक्याचं भांडले आणि फार बरं वाटलं. घरात शिरले तेव्हा अप्पा फिल्टरवर टकटक करत होते. मला बघून चमचा हातातच राहिला.

"पुट्टी? तू कशी?"

"कपाटाची किल्ली द्या, अप्पा. परवा नऊ वाजता माझा नंबर आहे. तुम्हाला यावं लागेल. पालकाची सही लागते."

ते काहीतरी म्हणायला लागले, तुझ्या भल्याचाच विचार, अक्काची परिस्थिती. मी हात पुढे करून उभी राहिले. आई आतून धावत आली, मला मिठी मारून रडायला लागली, तिच्या खांद्यावरून मी अप्पांकडे बघतच राहिले. त्यांनी जानव्याची किल्ली सोडवली. नंबरच्या दिवशी ते आले. पांढरा शर्ट घालून, पेन खिशाला लावून. जिथे सांगितलं तिथे सही केली. मला इलेक्ट्रॉनिक्सची सीट मिळाली.

अप्पा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. मी नोकरीला लागले, बढत्या मिळाल्या, तसा त्यांचा एक किस्सा तयार झाला. पाहुणे आले की ते माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "ही अमेरिकेला पोचली होती. मीच परत बोलावून घेतली. म्हटलं, शिक्षण आधी." पाहुणे माना डोलवायचे, असा बाप हवा म्हणायचे. मी समोर कॉफीचे पेले घेऊन उभी असायची. एकदाही मी म्हटलं नाही की अप्पा, हे खोटं आहे. म्हातारं माणूस, चारचौघांत कशाला. त्यांच्या तेराव्याला भावोजींनीसुद्धा हाच किस्सा सांगितला. अक्का माझ्याकडे बघत होती. मी तेव्हाही जिलबी वाढत राहिले.

मला कुणीही परत बोलावलं नव्हतं.